बाबांनी सांगितलेला शेवट

आमच्या कॅसेटवर 'द रनिंग मॅन'ला शेवट नव्हता. शेवटच्या दहा-अकरा मिनिटांत साखरपुडा होता.

कुणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर एक प्लास्टिकची टिकली असायची. ती मोडलेली असली की वर रेकॉर्डिंग होत नसे. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसायचं. कुणा गिऱ्हाइकाने तेवढा उद्योग केला होता. श्वार्झनेगर स्टुडिओत घुसतोय, आता काहीतरी होणार म्हणून आपण पुढे सरकतो, पडदा एकदा थरथरतो, आणि समोर मंडप. पिवळ्या साडीतली घामेजलेली मुलगी, स्टीलच्या ताटात लाडू, कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडतंय, "हांगा पळय गो!" मुलगी मात्र काही शेवटपर्यंत कॅमेऱ्याकडे बघत नाही.

बाबा गोव्यात म्हापशाच्या कोर्टात बेलिफ होते, म्हणजे समन्स आणि जप्तीची वॉरंटं बजावणारे. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही म्हणून व्हिडिओ लायब्ररी आईच्या नावावर. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, लाकडी जिना, भिंतीला कॅसेटींचे रॅक. साडेपाचला कोर्ट सुटलं की बाबा घरी चहा पिऊन थेट तिकडे. तोवर काउंटर माझ्याकडे. मी अकरावीत होते. दहा रुपये रोज, डिपॉझिट वेगळं, आणि रिवाइंड न करता आणली तर एक रुपया दंड. दंड बाबांनीच ठरवला होता आणि तो ते सोडत नसत.

इंग्रजी कॅसेटी आम्हाला तारवटींकडून मिळत. बोटीवर नोकरीला असलेली बार्देशातली माणसं नऊ-नऊ महिन्यांनी घरी येत, तेव्हा बॅगेत परफ्यूम, चॉकलेटं आणि पाच-सहा कॅसेटी असत. अमेरिकेतली कॅसेट आपल्या मशीनवर लावली की चित्र काळंपांढरं होऊन वर वर पळायचं, त्यासाठी गल्फहून आणलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागे. तो आमच्याकडे होता. पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरायची, तेव्हा साठच्या बल्बखाली कॅसेटी शेकत ठेवायच्या. गोव्यात ज्याने हे केलं नाही त्याने लायब्ररी चालवली असं म्हणू नये.

तारवटींच्या बॅगेतून हाणामारीचे पिक्चर यायचे, आणि त्यांच्यात मिसळून काही विचित्र पिक्चर यायचे. भविष्यकाळातले. ते कुणी नेत नसे. म्हणून मी बघायचे.

'द रनिंग मॅन' १९८७चा, आणि गोष्ट घडते २०१७ नंतरच्या अमेरिकेत. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला. कैद्यांना पळवायचं, मारेकरी मागे सोडायचे आणि लोकांनी पैजा लावायच्या, असा कार्यक्रम. नायक पोलिसांचा हेलिकॉप्टर पायलट. उपाशी जमावावर गोळी चालवायला त्याने नकार दिलेला असतो. पण चित्रफीत कापून जोडून टीव्हीवर दाखवतात ती अशी, की गोळ्या त्यानेच घातल्या. कार्यक्रमाचा सूत्रधार किलियन. गोड बोलणारा, म्हाताऱ्या बायकांच्या गालाचे मुके घेणारा. ते काम केलंय रिचर्ड डॉसन याने, आणि डॉसन प्रत्यक्षातही अमेरिकन टीव्हीवरचा गाजलेला सूत्रधार होता. म्हणजे माणूस स्वतःचीच नक्कल करत होता. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटायचं की हा इतका छान हसतो, आणि याच्याइतका वाईट माणूस मी पाहिलेला नाही.

तर शेवट नव्हता. लोक कॅसेट परत करताना भांडायचे. मग बाबा काउंटरवर उभ्या उभ्या शेवट सांगायचे.

बाबांच्या शेवटात मूळ चित्रफीत कोर्टात हजर होते. तिला एक्झिबिट नंबर पडतो. फीत कापणाऱ्या टेक्निशियनची उलटतपासणी होते, तो आधी अडखळतो, मग फुटतो. किलियनचा जामीन नामंजूर. कलमं लागतात: खोटा पुरावा तयार करणं, बदनामी, खुनाचा कट. सात वर्षं सक्तमजुरी, दहा हजार डॉलर दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने.

गिऱ्हाईक मान डोलावून जायचं. एकाने विचारलं होतं, "आणि हिरो?" बाबा म्हणाले, "त्याला साक्षीदार म्हणून समन्स."

मी हा शेवट खरा धरून चालले. किती वर्षं? पंचवीस.

लायब्ररी केबलवाल्यांनी खाल्ली. मी टायपिंग शिकले, आणि आता कोर्टाच्या समोरच्या बाजूला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वकालतनामे, जामिनाचे कागद. वकील मला 'बाय' म्हणतात, मी पन्नाशी ओलांडली तरी. दुकानात कोपऱ्यात एक छोटा टीव्ही आहे. २०१३च्या नोव्हेंबरात तो दहा दिवस बंद झाला नाही.

त्या वर्षी इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २० नोव्हेंबरला सुरू झाला. त्याच दिवसांत दिल्लीहून बातमी फुटली. 'तहलका' या नियतकालिकाचे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर त्यांच्याच एका कनिष्ठ सहकारी महिलेने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. घटना महिन्याच्या सुरुवातीची, बांबोळीच्या एका हॉटेलच्या लिफ्टमधली, 'तहलका'चा 'थिंकफेस्ट' हा विचारमहोत्सव चालू असतानाची. तेजपालांनी सहा महिने संपादकपदावरून दूर राहतो असं पत्र लिहिलं होतं. आपला खटला आपणच चालवून आपणच शिक्षा ठरवली. हे ऐकून बाबा खुर्चीत सरळ झाले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते, दुपारी दुकानात येऊन बसायचे. म्हणाले, "सहा महिने? साधी की सक्तमजुरी?"

३० तारखेला पणजीच्या कोर्टाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि रात्री अटक झाली. पुढे सडा, वास्कोच्या तुरुंगात. १ जुलै २०१४ला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला.

त्या दहा दिवसांत मी काय केलं ते लिहिते, कारण तेवढ्यासाठीच ही पोस्ट सुरू केली आहे. मी दुकानात उभी राहून सगळं पाहिलं. चॅनेलच्या गाड्या, छत्रीवाल्या तबकड्या, गाडीच्या काचेवर आपटणारे कॅमेरे, चौकटीत आठ-आठ तोंडं. लिफ्टची कार्टूनं. तक्रारदार बाईने काय लिहिलंय ते वाचून दाखवत होते, पुन्हा पुन्हा, संगीत लावून. तेजपाल ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाले ते लपवलेले कॅमेरे त्यांचेच होते, आणि आता कॅमेरे त्यांच्यावर फिरले होते, याची मला मजा वाटत होती. चहा थंड व्हायचा. झेरॉक्सला आलेला माणूस मी पाच-पाच मिनिटं थांबवून ठेवत होते. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुझा किलियन छान बोलतो हां." मला वाटलं, ते तेजपालांबद्दल बोलताहेत. ते अँकरबद्दल बोलत होते.

त्या लपवलेल्या कॅमेऱ्यांचं पुढे काय झालं तेही बघा. मार्च २००१मध्ये 'तहलका'ने भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना एक लाख रुपये घेताना दाखवलं. सगळ्या देशाने घरात बसून पाहिलं. कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं ते एप्रिल २०१२मध्ये. चार वर्षं शिक्षा. देशाने जे एका संध्याकाळी पाहिलं ते सिद्ध व्हायला अकरा वर्षं लागली.

तेजपालांचा खटला चालला आमच्या म्हापशात, 'इन कॅमेरा'. इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड, जिथे कॅमेरा चालत नाही. बाबांना या शब्दाची आयुष्यभर मजा वाटत आली होती. २०१७मध्ये आरोप निश्चित झाले. बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. मी दुकानातून बघायचे: तारीख असली की थोडी गर्दी, मग कमी गर्दी, मग नुसताच एक कंटाळलेला फोटोग्राफर झाडाखाली. दिल्लीच्या एकाही अँकरला आता म्हापशाचं नाव आठवत नव्हतं. आत मात्र कुणीतरी रोज टाइप करत होतं, हे मला माहीत होतं. साक्षीचा प्रत्येक शब्द कुणीतरी टाइप करतं.

निकालाची तारीख आधी २७ एप्रिल २०२१ होती, मग १२ मे, मग १९ मे. कोविडने माणसं नव्हती. १९ला तर चक्रीवादळाने वीज घालवलेली. ते दिवस गोव्यात कुणी विसरणार नाही, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑक्सिजनवाचून रात्री माणसं जात होती, निकालाकडे बघायला कुणाला उसंत नव्हती. २१ मेला निकाल आला: निर्दोष मुक्तता. निकालपत्र ५२७ पानांचं. त्यात तक्रारदार बाईच्याच वागण्याची चिरफाड झाली म्हणून बरीच टीका झाली. तिची ओळख उघड होईल असे उल्लेख काढा, असा आदेश हायकोर्टाला द्यावा लागला. सरकार अपिलात गेलं.

मी २०१३मध्ये माझा निकाल देऊन बसले होते, चहा पिता पिता. मी बरोबर की कोर्ट, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला बोचतं ते वेगळंच. सात-साडेसात वर्षांत त्या मुलीचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात निकालाच्या दिवशी पहिल्यांदा आला. टीव्ही चालू होता तेव्हा आला नव्हता.

जरा आडवळण घेते. त्या २०१३च्या थिंकफेस्टला रॉबर्ट डी नीरो आला होता. म्हापशातली माणसं 'गॉडफादरवाला आला' म्हणत होती. मला मात्र तो म्हटला की 'ब्राझील' आठवतो, १९८५चा. त्यात तो टटल नावाचा चोरटा मेकॅनिक आहे. सरकारी फॉर्म भरायचा कंटाळा म्हणून परवान्याशिवाय लोकांचे हीटर दुरुस्त करतो, आणि त्यापायी अतिरेकी ठरतो. गोष्ट सुरू होते ती सरकारी यंत्रात माशी पडून. टाइप होता होता टटलचा बटल होतो. पोलीस छप्पर फोडून बटलला उचलतात, त्याच्या बायकोकडून पावतीवर सह्या घेतात. बटल परत येत नाही. पिक्चरच्या शेवटाकडे डी नीरो रस्त्याने चाललाय, वाऱ्याने कागद उडत येतात, एक चिकटतो, मग दुसरा, मग शेकडो, तो नुसता कागदांचा गोळा होतो. कागद ओढून काढले तर आत माणूसच नाही.

अकरावीत मला हा विनोदी वाटला होता.

मग एकदा माझ्या दुकानात माशी पडली. जामिनाचे कागद होते, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी, दुपारचे साडेतीन. वकील घाईत तोंडी सांगत होता, मी सावंतचा सामंत केला. एक अक्षर. समोरच्या खिडकीवर ते पकडलं गेलं, आणि ते पकडणं बरोबरच होतं. दुरुस्ती करून आणेपर्यंत खिडकी बंद. पुढे सुट्ट्या. पोराने चवथ आत काढली. क्षुल्लक मारामारीचं प्रकरण, गावातल्या फुटबॉलच्या मॅचवरून. सुटल्यावर तो दुकानात आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. तो कीबोर्डकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुठलं बटण गो ते?" मी दाखवलं. तो त्या बटणाकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला.

आता तिसरा पिक्चर, कारण त्याच्यामुळे मी पुरती फसले.

२००८च्या सुमारास भाचा सुट्टीला आला. इंजिनिअरिंगला होता, लॅपटॉप नवीन. "आत्या, तुझ्या टाइपचा आहे," म्हणून त्याने 'अ स्कॅनर डार्कली' लावला. २००६चा. आधी खऱ्या नटांवर चित्रीकरण, मग प्रत्येक चौकटीवर चित्रकारांनी रेघा ओढून रंग भरलेले. त्यामुळे माणसं सतत किंचित हलत असतात, पाण्याखाली असल्यासारखी. गोष्ट अमली पदार्थांची. नायक ओळख लपवून नशेबाजांत राहणारा पोलीस, त्याला स्वतःवरच पाळत ठेवायचं काम मिळतं. गोष्ट फिलिप के. डिकच्या कादंबरीवरची, आणि शेवटी त्याच्या नशेपायी गेलेल्या, बरबाद झालेल्या मित्रांची यादी येते. हणजुणे-वागातोरच्या, नशेसाठी बदनाम किनाऱ्यांच्या, इतक्या जवळ राहून ती यादी नुसती वाचून सोडता येत नाही. आम्हा दोघांनाही आपापली यादी आठवली. भाचा बाहेर जाऊन उभा राहिला.

पण माझ्या लक्षात राहिला तो दुसराच एक जण. दीड-दोन मिनिटांचं काम. रस्त्यात भोंगा घेऊन ओरडणारा जाडसर माणूस: तुमच्यावर पाळत आहे, तुम्हाला गुलाम करताहेत, जागे व्हा. गाडी येते, माणसं उतरतात, त्याला शॉक देऊन आत कोंबतात. लोक बघत राहतात. मला वाटलं, अख्ख्या पिक्चरमध्ये खरं बोलणारा हा एकटाच. मी भाच्याला म्हटलंसुद्धा.

ऑगस्ट २०२२. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कोर्टात एक खटला चालू होता आणि तो इंटरनेटवर थेट दिसत होता. मला कोर्टाची आवड, तीही दुसऱ्यांच्या. साक्षीदाराच्या खुर्चीत एक घोगऱ्या आवाजाचा माणूस. चेहरा अनोळखी, आवाज ओळखीचा. दोन दिवस डोक्यात तोच. मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, हा तुझा भोंगेवाला."

अ‍ॅलेक्स जोन्स. पिक्चरमध्ये त्याने स्वतःचंच काम केलं होतं, डॉसनसारखं. दिग्दर्शक लिंकलेटर ऑस्टिनचा, जोन्सही ऑस्टिनचा.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत एका बंदूकधाऱ्याने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. जोन्स आपल्या 'इन्फोवॉर्स' कार्यक्रमातून वर्षानुवर्षं सांगत राहिला की हे सगळं नाटक आहे, आईबाप नट आहेत. मधे मधे गोळ्या-पावडरी विकत राहिला. त्याचं ऐकून लोक त्या आईबापांच्या मागे लागले, धमक्या देऊ लागले. ऑस्टिनच्या कोर्टात सहा वर्षांच्या एका मुलाची आई त्याच्याकडे वळून बोलली. माझा मुलगा खरा होता, मी खरी आई आहे, हे तिला कोर्टात उभं राहून सांगावं लागलं. जोन्सने कबूल केलं की ती घटना शंभर टक्के खरी. न्यायाधीश बाईंनी त्याला सुनावलं की तू मानतोस म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही.

आता टायपिंगवालीचं बघणं सांगते. जोन्स हरला तो भाषणांवरून वाद होऊन नव्हे. त्याने कागद दिले नाहीत म्हणून हरला. मागितलेली कागदपत्रं हजर करण्यात त्याने इतकी टाळाटाळ केली, की टेक्सास आणि कनेटिकट या दोन्ही राज्यांतल्या कोर्टांनी २०२१मध्येच त्याला थेट जबाबदार धरून टाकलं. ज्युरीपुढे प्रश्न उरला तो फक्त किती पैसे. आणि ऑस्टिनमध्ये तर त्याच्याच वकिलांकडून चुकून त्याच्या फोनची अख्खी प्रत समोरच्या वकिलाकडे गेली. ती खासगी आहे असा रीतसर दावा मुदतीत कुणी केला नाही. सँडी हूकबद्दलचे मेसेज माझ्याकडे नाहीत असं जोन्सने शपथेवर सांगितलेलं, आणि ते मेसेज वकिलाने त्याच्यासमोर ठेवले. त्या क्षणी त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा. मी कुणाला चुकीच्या पाकिटात चुकीची प्रत घातल्याबद्दल इतकी दाद कधी दिली नव्हती.

ऑस्टिनच्या ज्युरीने ४१ लाख डॉलर भरपाई आणि वर ४ कोटी ५२ लाख दंडात्मक ठरवले. ऑक्टोबरात कनेटिकटच्या ज्युरीने ९६ कोटी ५० लाख डॉलर. पुढच्या महिन्यात तिथल्या न्यायाधीश बाईंनी आणखी ४७ कोटी ३० लाख घातले. डिसेंबरात जोन्सने दिवाळं जाहीर केलं. २०२४मध्ये अपिलात १५ कोटी कमी झाले. २०२५च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील ऐकायला नकार दिला. आणि त्याचा कार्यक्रम? या सगळ्या काळात चालूच होता. रोज. भोंगा घेऊन.

भाचा म्हणाला, "आत्या, मग मिळाले का पैसे त्या लोकांना?"

बेलिफाच्या मुलीला हा प्रश्न. बाबा जप्तीचं वॉरंट घेऊन सायकलवर जायचे. दारात गाडी, आत फ्रिज, टीव्ही. पंच बसवून यादी करायला घ्यायची तर फ्रिज मेव्हण्याचा, टीव्ही सासऱ्यांचा, गाडी भावाने वापरायला दिलेली, आणि घर आजीच्या नावावर, जी पोर्तुगालला. घरातली बाई बाबांना कोकम सरबत द्यायची. बाबा ते प्यायचे, आणि शेरा लिहायचे: जप्त करण्याजोगे काही आढळले नाही. निकाल लागला की लोक पेढे वाटतात, बाबा म्हणायचे, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

तर 'द रनिंग मॅन'चा खरा शेवट. तो मी पाहिला २०१४च्या मे महिन्यात, भाच्याच्या लॅपटॉपवर, बाबा शेजारी बसलेले. मूळ चित्रफीत टीव्हीवर लागते. प्रेक्षक क्षणात उलटतात. ज्या घसरगाडीतून किलियन कैद्यांना खाली पाठवायचा तिच्यातच नायक त्याला बसवतो आणि ढकलून देतो. किलियन जाऊन एका जाहिरातीच्या फलकावर आपटतो, धूर, ज्वाळा. आधी नायकाच्या मरणासाठी ओरडणारा तोच जमाव आता त्याच्या नावाने टाळ्या पिटतो. सगळं पाच मिनिटांत.

मी बाबांकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी लोकांना सक्तमजुरी सांगणारा माणूस.

"खोटं," बाबा म्हणाले. "असं लगेच कधी होतं का?"

"पण तुम्ही सात वर्षं का दिलीत? मेली की माणसं एवढी."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "सात लिहिली की अपिलात तीन होतात. आणि तो दहा हजारांचा दंड मी उगाच घातला. वसूल करायला शेवटी कोण जाणार? मीच ना?"